घोडा घ्यायचाय? आधी बारगिरी, मग शिलेदारी

होळकरांच्याच काय, सगळ्या मराठी फौजांत स्वारांच्या दोन तऱ्हा होत्या. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचं घोडं, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा मान मोठा, पण घोडं मेलं की भुर्दंडही त्याचाच. इकडे इंदूरात मार्गशीर्ष जवळ आला की मला दोन-तीन फोन ठरलेले असतात: "सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला निघालोय, घोडी घ्यायचीय, काय काय बघू?" माझा उलटा प्रश्नही ठरलेला असतो. बारगिरी किती केलीत?

सहा महिने दुसऱ्याच्या घोड्यावर

एखाद्या रायडिंग क्लबात किंवा ओळखीच्या माणसाच्या तबेल्यात निदान सहा महिने काढा. नुसतं बसायला जाऊ नका. खरारा करा, म्हणजे ब्रशने अंग घासा, खूर उचलून साफ करा, खोगीर स्वतः कसा, लीद काढा. या सहा महिन्यांत मे आणि जुलै हे दोन्ही महिने आले तर फारच उत्तम. मेमध्ये पहाटे पाचला उठलात तरच रपेट होते, आणि जुलैत माळव्याच्या काळ्या मातीत घोड्याचे चारही पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखतात, रपेट तर होतच नाही. तरीही जावंसं वाटलं, तर पुढचं वाचा.

मग एक कागद घ्या आणि महिन्याचा खर्च मांडा. थाणाचं, म्हणजे घोडं बांधायच्या जागेचं भाडं, चंदी (दाण्याचा खुराक), चारा, सईसाचा (घोडं सांभाळणाऱ्याचा) पगार, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, लशी, जंतनाशक, आणि वर्षातून एकदा तरी अपरात्री धावत येणारा डॉक्टर. आकडे आपल्या भागात विचारून भरा आणि बारानं गुणा. घोडं नीट सांभाळलं तर पंचवीस वर्षं जगतं. विकत घेताना दिलेली रक्कम या बेरजेपुढे किरकोळ ठरते, आणि नेमकी तिच्यावरच लोक दोन-दोन दिवस घासाघीस करतात.

जागेचं आधी ठरवा. बंगल्यामागे पत्र्याची शेड टाकून घोडा बांधू, हा विचार सोडा. एक घोडं दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतं. ती कुठे टाकायची हे स्वच्छतेत पहिला नंबर सोडायला तयार नसलेल्या या शहराला सांगून बघा! राऊ, महू, बायपासच्या पलीकडची खेडी, जिथे मोकळं रान आहे आणि रात्री माणूस झोपायला आहे, तिथेच थाण शोधा. माणूस हा मुद्दा जागेपेक्षाही मोठा. घोड्याचं पोट रात्री दुखतं, आणि ते आधी सईसाला कळतं.

कोणासाठी, कशासाठी

नवख्या स्वाराला सात ते बारा वर्षांचं, शिकलेलं घोडं हवं. "मुलगीही लहान, शिंगरूही लहान, दोघं बरोबर वाढतील" हे ऐकायला गोड आहे, पण ज्याला काही येत नाही त्याने ज्याला काही येत नाही त्याला शिकवायचं, असा तो प्रकार. दोघंही एकमेकांना घाबरायला शिकतात. चौदा-पंधरा वर्षांचं निरोगी घोडं हलक्या रपेटीला उत्तम चालतं, किंमतही उतरलेली असते.

घोडा की घोडी? आख्ता केलेला, म्हणजे खच्ची घोडा सगळ्यांत शांत, पण देशी जातींत तो सहज मिळत नाही, कारण मालकाला नराची पैदाशीची आशा सोडवत नाही. मग घोडी बघा. माजावर आली की चार दिवस लहरीपणा करील, तेवढं सांभाळा. पूर्ण नर पहिला घोडा म्हणून घेऊ नका. शेजारच्या थाणात घोडी असली की तो तुमचा राहत नाही.

जात. मारवाडी आणि काठियावाडी, दोन्ही उन्हाला काटक, दोन्हींचे कान टोकांना आत वळलेले. ते कान बघून माणूस भुलतो आणि पाय बघायचा राहतो. कच्छी-सिंधी स्वभावाने शांत, पाठीला सुखाचा, त्याच्याकडे इथे फारसं कोणी बघत नाही हे मला कधी समजलं नाही. भीमथडी म्हणजे आपलं दख्खनी तट्टू. आता त्यालाही स्वतंत्र जात म्हणून मान्यता आहे. अंगाने लहान, पण हलक्या स्वाराला पुरून उरतं. रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड मुंबई-पुण्याकडून कधी अगदी स्वस्तात येतात. ते स्वस्त असतात याला कारण असतं: बहुतेकदा पायातली दुखावलेली कंडर (स्नायू हाडाला जोडणारी दोरी), नाहीतर डोक्यातली आग. अनुभव नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

उंचीचा हट्ट धरू नका. मेळ्यात उंची इंचांत बोलतात, "बासष्ट इंच", "चौसष्ट इंच", आणि दर इंचाला भाव चढतो. तुम्हाला उंची नको, वजन पेलणारी पाठ हवी. सोबत शिंप्याची टेप ठेवा. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून कुल्ल्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८० केलं की अंदाजे वजन किलोत मिळतं. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर साधारण ३४४ किलो. स्वार आणि खोगीर मिळून त्याच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको, म्हणजे इथे ६९ किलो. खोगिराचे आठ वजा करा. तुमचं वजन ८५ असेल तर ही घोडी कितीही देखणी असली तरी तुमची नाही.

कुठे शोधायचं

इंदूरकरांना सारंगखेडा सोयीचं. आग्रा-मुंबई रस्त्याने सेंधवा, शिरपूर, तिथून शहाद्याकडे वळायचं. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि घोड्यांचा बाजार त्याआधीच रंगात येतो. पुष्करला कार्तिकात, राजस्थानात तिलवाड्याला चैत्रात. मेळ्यात एका दिवसात शंभर घोडी बघायला मिळतात आणि डोळा तयार होतो, म्हणून जा जरूर. पण पहिल्या वर्षी नुसतं बघायला जा, पाकीट घरी ठेवून.

माझं मत विचाराल तर पहिलं घोडं मेळ्यात घेऊच नये. मेळ्यात ते दोन दिवस दिसतं, तेही नटवलेलं. ओळखीच्या तबेल्यातलं, ज्याला तुम्ही सहा महिने बघताय, ज्याचा सईस तुम्हाला चहाच्या टपरीवर खरं सांगेल, ते घोडं दहा हजार महाग पडलं तरी स्वस्त. शाळा-कॉलेज संपवून परगावी जाणाऱ्या मुलामुलींची घोडी विकायला निघतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

इंदूरात आणखी एक प्रकार समोर येतो, वरातीची घोडी. बँड, फटाके, गर्दी, सगळ्याला सरावलेली, म्हणून शांत वाटते. पण तिला ढोल वाजला की नाचायचं आणि पुढचे पाय उचलायचे एवढंच शिकवलेलं असतं, तेही बहुधा तोंडातल्या दुखण्याच्या जोरावर. तिचा ओठ उचलून कोपरे बघा, जीभ बघा. तिथे पांढरे व्रण किंवा जिभेवर आडवी खाच असेल तर काटेरी लगाम वापरलेला आहे. त्यावर कायद्याने बंदी आहे, तरी तो दिसतो. असं तोंड पुन्हा मऊ करायला जाणत्या माणसालाही वर्ष-दोन वर्षं लागतात.

रंग आणि भोवरे यांबद्दल दोन शब्द, कारण विक्रेता त्यावरच तासभर बोलेल. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असलेला पंचकल्याण शुभ. गळ्यावरचा देवमण भोवरा शुभ. डोळ्याखालचा आसूढाळ अशुभ. मी यातलं काही मानत नाही, पण पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मानतं, म्हणून माहीत असू द्या. "अशुभ" भोवऱ्याचं निरोगी घोडं कमी भावात मिळालं तर मी तरी डोळे मिटून, म्हणजे पाय तपासून, घेईन. नुकरा, म्हणजे गुलाबी कातडीचा पांढरा, दिसतो राजबिंडा. माळव्याच्या उन्हात त्याचं नाक आणि डोळ्यांच्या कडा भाजतात, हे विकणारा सांगत नाही.

प्रत्यक्ष बघताना

न सांगता जा, किंवा सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी. घोडं थाणात उभं असताना लांबून दहा मिनिटं नुसतं बघा. एका जागी उभं राहून डावी-उजवीकडे सतत डुलतं का? गव्हाणीची कड दातात धरून हवा गिळतं का? गव्हाणीचं लाकूड कुरतडलेलं आणि गळ्यावर पट्टा आवळलेला दिसला, तर उत्तर मिळालं. पुढचा एक पाय सारखा पुढे काढून त्यावरचा भार चुकवतं का? मागचा पाय आलटून-पालटून सैल सोडणं ठीक, पुढचा नाही.

मग जवळ जा. अंग गार असताना हात लावा. घाम असेल, खोगिराचा ओला ठसा असेल, तर तुम्ही येण्याआधी पळवून त्याची मस्ती जिरवलीय, किंवा आखडलेले पाय मोकळे केलेत.

पाय. इथे घाई नको. आळीपाळीने दोन्ही पुढच्या पायांवरून तळहात गुडघ्यापासून खाली फिरवा. मागच्या बाजूला कंडर दोरीसारखी ताठ, गार, सरळ लागली पाहिजे. एका पायाची दुसऱ्याशी तुलना करत राहा. ऊब, फुगवटा, गाठ, हात लागताच पाय झटकणं, यातलं काही एकाच पायाला असेल तर थांबा. खूर उचला. भेगा, एकमेकांपासून वेगळ्या कोनात वाढलेले दोन खूर, तळाच्या त्रिकोणी गादीभोवती काळा चिकट, घाण वासाचा थर, हे सगळं बघा. शेवटचं पावसाळ्यात चांगल्या घोड्यालाही होतं आणि बरंही होतं, पण मालक खूर साफ करत नाही एवढं त्यावरून कळतं. चारही खूर निमूट देतं का हेही बघा. नाहीतर दर दोन महिन्यांनी नालबंदाबरोबर कुस्ती.

पाठीवर, खोगीर बसतं तिथे, पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर जुन्या जखमा भरल्याच्या खुणा आहेत. कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबत जा. पाठ खाली दबली, कान मागे गेले, तर पाठ दुखतेय.

दात. फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. इथे गाय फुकट नाही, तेव्हा मोजायचेच. खालचे पुढचे सहा दात बघा. दुधाचे जाऊन मधले दोन पक्के अडीच वर्षांना येतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण. मग खालच्या दातांच्या माथ्यावरचे काळे खळगे पुसायला लागतात: मधल्या दोघांतले सहाव्या वर्षी, त्यांच्या बाजूचे सातव्या, कोपऱ्यातले आठव्या. दहाच्या सुमाराला वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीपासून एक उभी खाच उगवते, पंधराला ती अर्ध्या दातापर्यंत येते, विसाला पूर्ण. "आठ साल की है" म्हणणाऱ्याच्या घोडीला ती अर्धी खाच दिसली तर वाद घालू नका. हसा आणि पुढच्या थाणाकडे चला.

आता चालवून बघणं. कडक जमिनीवर, दोर ढिला सोडून, सरळ रेषेत तुमच्यापासून लांब आणि तुमच्याकडे. आधी चाल, मग दुडकी, म्हणजे हलकी धाव. लंगडणं दुडकीत दिसतं. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडं डोकं वर उचलतं. मागच्या पायाचं दुखणं कुल्ल्यावर दिसतं, एक बाजू जास्त वर-खाली होते. मारवाडी-काठियावाडीत काही घोडी रेवाल चालीने चालतात, पाण्यावरून गेल्यासारखी. ती चाल सुंदरच, पण तीत लंगडणं लपतं. म्हणून दुडकी मागा. "ये तो रेवाल ही चलती है" हे उत्तर पुरेसं नाही.

माझी पहिली घोडी अशीच आली. कुमैत रंग, मखमली चाल. दलाल म्हणाला, "गाय है भिया, गाय. बच्चा भी बैठ जाए." रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायची रीत असते, तसाच सौदा झाला आणि मी त्या बोटांच्या खेळातच इतका रंगलो की पायांवरून हात फिरवायचा राहिला. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी ती तीन पायांवर उभी. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं आहे, गोळी उतरली. वेदनाशामकाचा अंमल काही दिवस टिकतो. गुंगीचं इंजेक्शन मात्र बघून ओळखता येतं: मान खाली, खालचा ओठ लोंबलेला, डोळे अर्धवट मिटलेले. सगळ्या मेळ्याच्या गोंगाटात एखादं घोडं ध्यानस्थ दिसलं तर त्याला योगी समजू नका.

म्हणून दोनदा बघा, मध्ये चार-पाच दिवस सोडून, दुसऱ्यांदा न कळवता. मेळ्यात हे जमत नाही, ही मेळ्याबद्दलची माझी मुख्य तक्रार.

बसून बघणं

आधी मालक किंवा त्याचा माणूस बसेल. तो नाही म्हणाला तर तुम्हीही बसू नका. त्याच्या हातात घोडं थांबतं का, वळतं का, दुसऱ्या घोड्यांपासून एकटं लांब जातं का, ते बघा. मग तुम्ही. चढताना स्थिर उभं राहतं का हे सगळ्यांत आधी. रिंगणात सगळी घोडी शहाणी असतात. रस्त्यावर न्या, जिथे ट्रॅक्टर येईल, प्लास्टिकची पिशवी उडेल. बिचकलं तर हरकत नाही. बिचकून थांबतं की उधळतं, यावर तुमच्या हाडांचं भवितव्य आहे. शेवटी तबेल्याकडे तोंड करून चालवा. घराच्या ओढीने तोंडातला लगाम झुगारत असेल तर ती सवय तुमच्याबरोबर घरी येणार.

डॉक्टर आणि रक्त

पैसे दिल्यावर डॉक्टरला बोलावणं म्हणजे वरातीमागून घोडं. डॉक्टर तुमचा हवा, विकणाऱ्याचा नको, आणि घोड्यांचा हवा. गाई-म्हशी बघणारा चांगला असतो, पण लंगड्या घोड्याच्या पायाची घडी करून मिनिटभर धरायची आणि लगेच दुडकी चालवायची, ही तपासणी रोज करणारा वेगळा. आपल्याला महू जवळ आहे. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५चं. तिथे विचारलं तर घोड्यांचा माणूस मिळतो.

डॉक्टर यायच्या आधी स्वतःही मोजून बघा. विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट. हिरडीवर बोट दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला पाहिजे. पोटाला कान लावा, गुरगुर ऐकू आली पाहिजे. शांत पोट ही चांगली खूण नाही.

रक्ताच्या तपासणीत ग्लँडर्स वगळू नका. नाकातून चिकट पिवळट स्राव, नाकाच्या आत गाठी किंवा व्रण, जबड्याखाली सूज, पायावर किंवा अंगावर ओळीने गाठी, ही त्याची लक्षणं. पण लक्षणं नसलेलं घोडंही रोग बाळगू शकतं. तो माणसाला होतो आणि २००९च्या प्राण्यांच्या साथरोग कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे. रोगी ठरलेल्या घोड्यावर उपचार नाहीत, त्याला मारावंच लागतं. याची चाचणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. नमुना पशुसंवर्धन खात्यामार्फत पाठवता येतो, म्हणून दिवस हाताशी ठेवा. अहवाल येण्याआधी ते घोडं तुमच्या थाणात नको. दुसरा सर्रा: गोमाशा पसरवतात, पावसाळ्यात आणि नंतर जास्त. येऊन-जाऊन ताप, खंगणं, पायांवर-पोटाखाली सूज. रक्त तपासलं की सापडतो आणि वेळेत सापडला तर औषध आहे.

सौदा

इसार द्यायचा तो "तपासणी पास झाल्यास" अशा लेखी अटीवर. तोंडी अट रुमालाखालीच राहते. विक्रीचा कागद स्टॅम्प पेपरवर करा. त्यात रंग, पायांचे आणि कपाळाचे पट्टे, भोवऱ्यांच्या जागा, उंची, वय, मायक्रोचिप असेल तर नंबर, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, दोन साक्षीदार. "चावत नाही, लाथ मारत नाही, वाहनात चढतं" हेही लिहून घ्या. लिहिताना विकणाऱ्याचा चेहरा बघा, पुष्कळ कळतं. मारवाडी म्हणून जादा पैसे देत असाल तर मारवाडी घोड्यांच्या सोसायटीच्या नोंदणीचा पासपोर्ट मागा आणि त्यातल्या खुणा समोरच्या घोड्याशी ताडून बघा. मेळ्यात घेतलं तर बाजाराची पावती जपून ठेवा. वाटेत ती मागतात, आणि सोबत पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखलाही लागतो.

घरी आणताना

गाडीत तळाला वाळू आणि वर पेंढा. गाडीच्या फळ्या घोड्याच्या छातीपेक्षा उंच हव्यात. निघायच्या दिवशी चंदी कमी, गवत भरपूर. दर चार-पाच तासांनी थांबून पाणी. सारंगखेड्याहून येताना बिजासनचा घाट आणि पुढे भेरू घाट लागतो. ड्रायव्हरला आधीच सांगा की वळणावर ब्रेक मारला तर घोडं गुडघ्यांवर पडतं. उतरवायला ओटा किंवा शेताचा उंच बांध शोधून ठेवा. रात्री अकराला उडी मारून उतरवलेली घोडी मी पाहिली आहे, तिचा पाय तिथेच गेला.

आणखी एक गोष्ट विकणाऱ्याकडून विकत घ्याच: ते घोडं खात होतं त्याच चंदीचं एक पोतं आणि त्याच चाऱ्याचे आठ-दहा दिवस पुरतील एवढे भारे. घोड्याला उलटी होत नाही. चारा एकदम बदलला की पोटशूळ उठतो आणि त्यात घोडं जातं. रोज थोडी जुनी चंदी कमी, थोडी नवी जास्त, असं करत दहा-बारा दिवसांत बदला. बरसीम हिरवंगार दिसतं म्हणून पहिल्याच दिवशी टोपलीभर घालू नका.

पहिले पंधरा दिवस दुसऱ्या घोड्यांपासून लांब बांधा, बादली आणि खरारा वेगळा. रोज सकाळी ताप लिहून ठेवा. धनुर्वाताची लस झाली आहे का याचा कागद नसेल तर झाली नाही असंच धरा. रपेटीची घाई नको. पहिला आठवडा हाताने दोर धरून नुसतं फिरवा, थाणाची वाट, पाण्याची टाकी, शेजारचं कुत्रं ओळखू द्या. आठव्या-नवव्या दिवशी सकाळी तुमच्या बादलीचा आवाज ऐकून ती मान वळवेल, नाकपुड्या हलवून फुरफुरेल. त्या दिवशी खोगीर बाहेर काढून तिच्या पाठीवर चढवा. आणि कसताना पट्टा एकदम आवळू नका, तीनदा थोडा थोडा ओढा.